कार्व्हर म्हटलं की शेंगदाणे आठवतात, पण या माणसाने खरं पीक घेतलं ते विद्यार्थ्यांचं

मराठी घरात पुस्तकांचं कपाट असेल, तर त्यात ‘एक होता कार्व्हर’ सापडण्याची शक्यता बरीच असते. वीणा गवाणकर यांचं हे पुस्तक १९८१ साली आलं आणि तेव्हापासून आई-वडिलांनी वाचलेलं पुस्तक मुलांच्या हातात जातंय.

त्यामुळे जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर हे नाव महाराष्ट्राला नवीन नाही. गुलाम म्हणून जन्माला आलेला मुलगा पुढे मोठा शास्त्रज्ञ झाला आणि त्याने शेंगदाण्यापासून शेकडो वस्तू बनवल्या, एवढं बहुतेकांना माहीत असतं.

पण या गोष्टीत एक प्रश्न मागे राहून जातो. कृष्णवर्णीय मुलाला साध्या शाळेत बसायला जागा नव्हती, त्या काळात हा मुलगा वनस्पतीशास्त्रज्ञ झालाच कसा? आणि स्वतः वर पोहोचल्यावर त्याने मागून येणाऱ्या पोरांसाठी काय केलं?

याचं उत्तर शेंगदाण्यात सापडत नाही. ते सापडतं त्याला शिकवणाऱ्या आणि त्याच्याकडून शिकलेल्या माणसांमध्ये.

घोड्याच्या बदल्यात परत आलेलं बाळ

जॉर्जचा जन्म अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात, डायमंड ग्रोव्ह या गावाजवळच्या एका शेतावर झाला. साल साधारण १८६४. गुलामांच्या मुलांच्या जन्मतारखा कोणी लिहून ठेवत नसे, त्यामुळे त्याला स्वतःलाही आपला वाढदिवस कधी कळला नाही.

आई मेरी ही मोझेस कार्व्हर या शेतकऱ्याची गुलाम होती. अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं आणि त्या भागात गुलामांना पळवून नेऊन विकणाऱ्या टोळ्या फिरत होत्या. अशाच एका टोळीने मेरीला आणि तान्ह्या जॉर्जला उचलून नेलं. मोझेसने माणूस पाठवून शोध घेतला. आई सापडली नाही. बाळ सापडलं आणि त्याच्या बदल्यात मोझेसने एक घोडा दिला.

१८६५ मध्ये मिसुरीत गुलामगिरी संपली. मोझेस आणि त्याची बायको सुझन यांनी जॉर्जला आणि त्याचा भाऊ जिमला घरातच वाढवलं. जॉर्ज सारखा आजारी पडायचा, त्यामुळे शेतातली जड कामं जिमकडे गेली आणि जॉर्ज सुझनच्या हाताखाली स्वयंपाक, कपडे धुणं, शिवणकाम, विणकाम शिकला. उरलेला वेळ तो रानात घालवायचा. झाडं उपटून आणायची, लावायची, मरायला टेकलेलं रोप जगवायचं, हा त्याचा नाद. आजूबाजूचे लोक त्याला झाडांचा डॉक्टर म्हणू लागले.

शाळा मात्र नव्हती. म्हणजे गावात होती, पण ती गोऱ्या मुलांची.

दार उघडलं आणि लगेच बंद झालं

कृष्णवर्णीय मुलांची जवळची शाळा काही मैलांवर, निओशो गावात होती. जॉर्ज लहान वयातच एकटा तिकडे गेला. तिथे मारिया आणि अँड्र्यू वॉटकिन्स या कृष्णवर्णीय जोडप्याने त्याला घरात ठेवून घेतलं. मारिया सुईण होती आणि तिला औषधी झाडपाल्याची चांगली माहिती होती. रानातल्या वनस्पतींकडे उपयोगाच्या नजरेने कसं बघायचं, हे जॉर्जला पहिल्यांदा तिने दाखवलं. तिच्याकडे कसलीही पदवी नव्हती, पण जॉर्जच्या वनस्पतीशास्त्राचे पहिले धडे तिच्याच परसात झाले.

तिथून तो कॅन्ससमध्ये गेला. गावं बदलत, लोकांचे कपडे धुऊन आणि स्वयंपाक करून पोट भरत तो शिकत राहिला. १८७९ मध्ये फोर्ट स्कॉट या गावात गोऱ्या जमावाने एका कृष्णवर्णीय माणसाला ठार मारलेलं त्याने पाहिलं आणि ते गाव सोडलं.

शालेय शिक्षण पूर्ण झाल्यावर त्याने कॅन्ससमधल्या हायलंड कॉलेजकडे टपालाने अर्ज पाठवला. कॉलेजने प्रवेश दिला. जॉर्ज सामान घेऊन तिथे पोहोचला, कॉलेजवाल्यांनी त्याचा रंग पाहिला आणि प्रवेश रद्द झाला.

पुढची काही वर्षं त्याने शिक्षणाचा विचारच सोडून दिला होता. कॅन्ससच्या माळावर सरकारी योजनेतून जमीन घेतली, मातीच्या विटांचं घर बांधलं, शेती केली. इथेच गोष्ट संपली असती, तर जगाला कार्व्हर हे नाव कळलं नसतं.

चित्रकलेच्या बाईंनी शेतकी कॉलेजात पाठवलं

काही वर्षांनी जॉर्ज आयोवा राज्यात आला. तिथे विंटरसेट गावात मिलहॉलंड नावाचं एक गोरं कुटुंब भेटलं. त्यांनी त्याच्या मागे लागून त्याला पुन्हा कॉलेजकडे वळवलं. १८९० मध्ये त्याने सिम्पसन कॉलेजात नाव घातलं. विषय होता चित्रकला.

इथल्या शिक्षिका एटा बड यांच्या एक गोष्ट लक्षात आली. हा मुलगा चित्रं चांगली काढतो, पण काढतो ती बहुतेक झाडाफुलांची, आणि त्यात पानाची शीरन् शीर बरोबर असते. कृष्णवर्णीय माणसाला अमेरिकेत चित्रकार म्हणून पोट भरता येईल का, याची त्यांना शंका होती. त्यांचे वडील एम्स इथल्या आयोवा शेतकी कॉलेजात फलोद्यान विषयाचे प्राध्यापक होते. बड बाईंनी जॉर्जला तिकडे जायला सांगितलं आणि वडिलांकडे शब्दही टाकला.

१८९१ मध्ये कार्व्हर एम्सला पोहोचले. त्या कॉलेजचे ते पहिले कृष्णवर्णीय विद्यार्थी.

स्वागत काही खास झालं नाही. वसतिगृहात जागा मिळाली नाही आणि जेवायला तळघरात नोकरांसोबत बसायला सांगितलं गेलं. हे कळल्यावर जुन्या कॉलेजच्या गावातल्या त्यांच्या ओळखीच्या एक गोऱ्या बाई थेट एम्सला आल्या, दिवसभर त्यांच्याबरोबर फिरल्या आणि त्यांच्याच शेजारी बसून जेवल्या. त्यानंतर वातावरण हळूहळू बदललं. राहण्यासाठी प्राध्यापकांनी एक जुनं ऑफिस रिकामं करून दिलं.

एम्समधला सगळ्यात महत्त्वाचा माणूस होता लुई पॅमेल. पॅमेल वनस्पतीशास्त्र शिकवायचे. १८९३ मध्ये फुलं आणि कीटकांच्या नात्यावर त्यांचं पुस्तक आलं आणि त्याच्या नावातच इकॉलॉजी हा शब्द होता. तेव्हा हा शब्द अमेरिकेत फार थोड्यांनी ऐकला होता. झाड एकटं वाढत नाही. माती, बुरशी, कीटक, पक्षी, पाणी असा सगळा गोतावळा त्याच्यासोबत असतो, ही दृष्टी कार्व्हर यांना या शिक्षकाकडून मिळाली.

पॅमेल यांनी कार्व्हर यांना वनस्पतींवर रोग पाडणाऱ्या बुरशी गोळा करायला, ओळखायला आणि नोंदवायला शिकवलं. या कामात कार्व्हर इतके तरबेज झाले की पुढे काही बुरशींच्या शास्त्रीय नावात कार्व्हेरी असं त्यांचं नाव आलं.

१८९४ मध्ये पदवी मिळाली. पॅमेल यांनी त्यांना जाऊ दिलं नाही. त्यांना सहायक म्हणून कामावर घेतलं, काचघर त्यांच्या ताब्यात दिलं आणि वर्गही दिले. म्हणजे जिथे जेवायच्या टेबलावर जागा नव्हती, त्याच कॉलेजचे कार्व्हर पहिले कृष्णवर्णीय अध्यापक झाले. १८९६ मध्ये त्यांनी पदव्युत्तर पदवी घेतली. पॅमेल यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार नंतरही अनेक वर्षं चालू राहिला.

प्राध्यापकाचा छोटा मुलगा

एम्समध्ये हेन्री सी. वॉलेस नावाचे एक प्राध्यापक होते. त्यांचा मुलगा तेव्हा जेमतेम सहा वर्षांचा. कार्व्हर झाडं शोधायला निघाले की हा पोरगा त्यांच्या मागे मागे जायचा. गवताच्या फुलाचे भाग कसे ओळखायचे, हे कार्व्हर त्याला बसून समजावून सांगायचे.

हा मुलगा म्हणजे हेन्री ए. वॉलेस. पुढे त्याने मक्याच्या संकरित बियाण्यावर काम केलं, १९२६ मध्ये बियाण्याची कंपनी काढली, १९३३ मध्ये तो अमेरिकेचा कृषिमंत्री झाला आणि १९४१ मध्ये उपराष्ट्राध्यक्ष. झाडांची गोडी कार्व्हर यांनी लावली, हे त्याने कायम मान्य केलं.

गोरा शिक्षक आणि कृष्णवर्णीय विद्यार्थी, अशीच वाट नेहमी असते असं नाही. इथे ती उलटी होती.

आता पाळी टस्कीगीची

१८९६ मध्ये कार्व्हर यांना अलाबामातून बोलावणं आलं. बोलावणारे होते बुकर टी. वॉशिंग्टन. तेही गुलामगिरीत जन्मलेले. १८८१ पासून ते टस्कीगी इथे कृष्णवर्णीय मुलामुलींसाठी संस्था चालवत होते. त्यांना शेती विभागासाठी प्रमुख हवा होता आणि तो कृष्णवर्णीयच हवा होता.

याच वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने रेल्वेच्या डब्यात गोऱ्या आणि कृष्णवर्णीय लोकांना वेगळं बसवणं कायदेशीर ठरवलं. म्हणजे उत्तरेतल्या कॉलेजात मिळालेली प्रतिष्ठा सोडून कार्व्हर नेमके त्या भागात निघाले होते, जिथे कायदाच त्यांच्या विरोधात होता.

गेल्यावर दिसलं काय? प्रयोगशाळा नाही. कापूस घेऊन घेऊन निकामी झालेली जमीन. आणि शेतीकडे पाठ फिरवलेले विद्यार्थी. त्या मुलांचं चुकत होतं असंही नाही. त्यांचे आई-वडील बटईने शेती करायचे, बी-बियाणं उधार घ्यायचे आणि हंगामाच्या शेवटी सावकाराच्या वहीत कर्ज वाढलेलंच असायचं. शेतीपासून सुटका व्हावी म्हणूनच ती मुलं शिकायला आली होती.

पैशाचं गणित तर बघण्यासारखं होतं. १८८७ च्या कायद्यानुसार अमेरिकेचं केंद्र सरकार प्रत्येक राज्याला शेती संशोधन केंद्रासाठी वर्षाला १५ हजार डॉलर देत होतं. अलाबामात तो पैसा गोऱ्यांच्या कॉलेजकडे जायचा. टस्कीगीच्या केंद्राला राज्याने मंजूर केले वर्षाला १,५०० डॉलर. बरोबर दहावा हिस्सा.

कार्व्हर यांनी विद्यार्थ्यांना घेऊन कचऱ्याचे ढीग पालथे घातले. फुटक्या बाटल्या, जुनी भांडी, तारा, डबे गोळा केले आणि त्यातून प्रयोगशाळेची उपकरणं तयार केली. पुस्तकातलं उपकरण नाही म्हणून प्रयोग थांबत नाही, हा त्या मुलांचा पहिला धडा होता.

वर्ग कुठे संपतो आणि रान कुठे सुरू होतं

कार्व्हर यांची शिकवण्याची पद्धत आजच्या भाषेत फिल्डवर्कची होती. स्वतः पहाटे चारच्या सुमारास उठून रानात जायचे, नमुने आणायचे आणि त्यावरच वर्ग चालायचा. विद्यार्थ्यांनीही वनस्पती, किडे, माती आणायची आणि ती कशाशी जोडलेली आहे ते शोधायचं.

खतासाठी पैसे नाहीत? मग ओढ्याकाठचा गाळ, जंगलातला पालापाचोळा कुजवून जमिनीत घाला. जमीन थकली आहे? मग कापसाआधी चवळी किंवा भुईमूग घ्या. आपल्याकडे शेतकरी ज्याला बेवड म्हणतात, तेच हे. शेंगवर्गीय पिकांच्या मुळांवरच्या गाठीत जिवाणू राहतात, ते हवेतला नायट्रोजन पकडतात आणि पुढच्या पिकाला जमीन भरलेली मिळते. टस्कीगीच्या पोरांनी हे आधी संस्थेच्या शेतावर करून बघितलं, मग फळ्यावर समजून घेतलं.

हेच ज्ञान गावापर्यंत जावं म्हणून कार्व्हर यांनी साध्या भाषेत पत्रकं लिहायला सुरुवात केली. पहिलं पत्रक १८९८ मध्ये आलं आणि आयुष्यभरात अशी चाळीसहून जास्त झाली. त्यातली काही खेड्यातल्या शिक्षकांसाठी होती, मुलांना परिसर अभ्यास आणि शाळेची बाग कशी शिकवायची यावर.

पण वाचता न येणाऱ्यांचं काय? १९०६ मध्ये त्यासाठी फिरती शाळा निघाली. न्यूयॉर्कचे श्रीमंत गृहस्थ मॉरिस जेसप यांनी पैसे दिले, आराखडा कार्व्हर यांनी काढला. खेचरांच्या गाडीत अवजारं, बियाणं, लोणी काढायचं यंत्र असं सगळं भरलं आणि गाडी गावोगाव फिरू लागली.

ही गाडी चालवायला निवड झाली थॉमस कॅम्पबेल या त्यांच्याच विद्यार्थ्याची. जॉर्जिया राज्यातल्या गरीब घरातला हा मुलगा शिकण्यासाठी टस्कीगीला आला होता. १९०६ मध्येच अमेरिकेच्या कृषी खात्याने त्याला विस्तार अधिकारी म्हणून नेमलं. त्या पदावर नेमणूक झालेला तो पहिला कृष्णवर्णीय. पुढे अनेक वर्षं दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय विस्तार अधिकाऱ्यांचं जाळं त्याने उभं केलं आणि १९३६ मध्ये या फिरत्या शाळेवर पुस्तक लिहिलं.

मारियाच्या परसातून एटा बडच्या वर्गात, तिथून पॅमेलच्या काचघरात, आणि तिथून कॅम्पबेलच्या गाडीत. ज्ञान असं हातातून हातात गेलं.

मग शेंगदाण्यांचं काय?

१९१० च्या सुमारास बोल वीव्हिल नावाचा सोंडकिडा अलाबामात पोहोचला आणि त्याने कापसाची बोंडं पोखरायला सुरुवात केली. कापसावरच उभा असलेला भाग हादरला. कार्व्हर ज्या भुईमुगाबद्दल सांगत होते, त्याकडे आता लोकांचं लक्ष गेलं. पण भुईमूग पिकवून करायचं काय, हा प्रश्न होता. १९१६ मध्ये त्यांनी भुईमुगाची लागवड आणि शेंगदाण्याचे १०५ पदार्थ यावर पत्रक काढलं. १९२१ मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीसमोर ते बोलले. दहा मिनिटं दिली होती, ती समितीनेच वाढवत नेली. त्यानंतर ते देशभर प्रसिद्ध झाले.

प्रसिद्धीबरोबर दंतकथाही आल्या. पीनट बटरचा शोध कार्व्हर यांनी लावला, हे आजही सांगितलं जातं. ते खरं नाही. शेंगदाण्याच्या शेकडो उत्पादनांपैकी अनेक आधीपासून माहीत असलेली होती आणि बहुतेकांच्या कृती त्यांनी लिहून ठेवल्या नाहीत. त्यांच्या नावावर पेटंट तीनच आहेत.

जमलं नाही तेही मोठं होतं

कार्व्हर व्यवस्थापक म्हणून कच्चे होते. वॉशिंग्टन त्यांच्याकडून वर्ग, दोन शेतं, कोंबड्यांचा विभाग, संशोधन, समित्या अशी सगळीच कामं मागत होते. कोंबड्या मेल्या, हिशेब जुळले नाहीत, तक्रारी वाढल्या. कार्व्हर यांनी अनेकदा राजीनाम्याची भाषा केली. शेवटी वॉशिंग्टन यांचंही मत असं झालं की हा माणूस शिकवण्यात आणि मुलांना पेटवण्यात अव्वल आहे, कारभार मात्र त्याचं काम नाही.

दुसरी गोष्ट जास्त कडू आहे. पॅमेल यांनी कार्व्हर यांना पदव्युत्तर पदवीपर्यंत नेलं, अध्यापक केलं. कार्व्हर यांना आपल्या विद्यार्थ्यांना तिथवर नेणं सोपं नव्हतं. टस्कीगी ही हाताला काम शिकवणारी संस्था होती. तिथे कॉलेजच्या पदवीचे वर्ग सुरू व्हायला १९२० चं दशक उजाडलं. दक्षिणेतली सरकारी विद्यापीठं कृष्णवर्णीयांना घेत नव्हती. त्यामुळे त्यांच्या हाताखालून चांगले शिक्षक, विस्तार अधिकारी, शेतकरी तयार झाले, पण संशोधक वनस्पतीशास्त्रज्ञांची फळी उभी राहिली नाही.

शिक्षक कितीही चांगला असला, तरी पुढचं दार बंद असेल तर विद्यार्थी दारापर्यंतच पोहोचतो. कार्व्हर स्वतः आत गेले, कारण एम्समध्ये कोणीतरी दार उघडून धरलं होतं. टस्कीगीच्या मुलांसाठी ते दार राज्यानेच बंद ठेवलं होतं.

वर्णभेदावर कार्व्हर जाहीरपणे फार बोलले नाहीत, अशी टीकाही त्यांच्यावर झाली. त्यांनी वेगळा मार्ग धरला. १९२० च्या दशकात ते दक्षिणेतल्या गोऱ्या कॉलेजांमध्ये व्याख्यानं द्यायला जाऊ लागले. तिथल्या कित्येक गोऱ्या मुलांनी आयुष्यात पहिल्यांदा एका कृष्णवर्णीय माणसाला शिक्षक म्हणून पाहिलं. त्यातल्या अनेकांशी कार्व्हर यांनी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार ठेवला. त्यांचं लग्न झालं नव्हतं. देशभरच्या या मुलांना ते आपली मुलंच मानत.

शेवटी उरलं काय?

१९३५ मध्ये टस्कीगीच्या अध्यक्षपदी फ्रेडरिक पॅटरसन आले. त्यांनी पशुवैद्यकाची पदवी घेतली होती ती एम्समधूनच. जिथे कार्व्हर एकटे होते, तिथून आता दुसरे कृष्णवर्णीय विद्यार्थीही शिकून बाहेर पडत होते. १९४४ मध्ये पॅटरसन यांनी कृष्णवर्णीयांच्या कॉलेजांसाठी एकत्र निधी उभारणारी संस्था काढली. ती आजही शिष्यवृत्त्या देते.

कार्व्हर यांनी ४७ वर्षं टस्कीगीत काढली. १९४० मध्ये त्यांनी संशोधनासाठी प्रतिष्ठान स्थापन केलं आणि आयुष्यभराची बचत, सुमारे ६० हजार डॉलर, त्यालाच दिली. ५ जानेवारी १९४३ रोजी त्यांचं निधन झालं. टस्कीगीतच, वॉशिंग्टन यांच्या शेजारी त्यांना पुरण्यात आलं. त्याच वर्षी मिसुरीतलं त्यांचं जन्मस्थान राष्ट्रीय स्मारक झालं. कृष्णवर्णीय व्यक्तीच्या नावाने अमेरिकेत झालेलं हे पहिलं राष्ट्रीय स्मारक.

पर्यावरणशास्त्रात वंचित समाजातली मुलं कमी का दिसतात, हा प्रश्न अमेरिकेला आजही पडतो. तिथली इकॉलॉजिकल सोसायटी ऑफ अमेरिका ही संस्था १९९६ पासून सीड्स नावाचा उपक्रम चालवते. अशा कॉलेज विद्यार्थ्यांना फिल्डवर नेणं, संशोधकांशी जोडून देणं, संशोधनाची संधी देणं हे त्यात होतं.

यादी वाचली तर त्यात नवीन काही नाही. रानात नेणारी मारिया, योग्य वाट दाखवणाऱ्या बड, सोबत बसून जेवणाऱ्या त्या बाई आणि नोकरी देणारे पॅमेल, हे सगळं कार्व्हर यांना एकेक करून, नशिबाने मिळालं होतं. एखादाही भेटला नसता तर कॅन्ससच्या माळावर एक शेतकरी वाढला असता, इतकंच.

हुशार मुलं तेव्हाही होती, आजही आहेत. प्रश्न एवढाच की नशिबावर सोडलेली ही कामं कोणी ठरवून करतंय का.